चौदा तारखेस कोलंबो

२० दै १३४६ फसली. मस्तगड, जालना.

नवी वही उघडली. इंग्रजी हिशेबाने आज २४ नोव्हेंबर १९३६. पण अठ्ठावीस वर्षे सरकारी कन्याशाळेचे कागद निजामी तारखांनी लिहिले. हात तसाच वळतो आणि आता तो बदलण्याचे कारण नाही.

डॉक्टरांनी छातीसाठी समुद्राची हवा सांगितली. ते मुंबईबद्दल बोलत होते. मी कोलंबो ठरवले. हवा ती हवाच, आणि बोटीवर ती जास्त मिळते. एका कंपनीने नाताळाच्या सुमारास निव्वळ सहलीची फेरी काढली आहे. मुंबईहून निघायचे, मुरगाव आणि कोचीला थांबायचे, कोलंबोस पोचून दुसऱ्या दिवशी दुपारी परत फिरायचे. आपल्या भागातून अशी फेरी कोणा बाईने केल्याचे ऐकिवात नाही. म्हणून टिपणे नीट ठेवणार आहे. महिला मंडळाच्या बायकांना उपयोगी पडतील.

सोबत साळूबाई. माझ्या घरी बावीस वर्षे आहे, स्वयंपाक तिचाच. मूळची तीर्थपुरीची, गोदावरीपेक्षा मोठे पाणी तिने पाहिलेले नाही.

कोलंबोत नीला राहते. त्याचा या बेताशी संबंध नाही.

२२ दै

शेजारचे भुजंगराव वकील तिकिटांचे कागद घेऊन आले. बसता बसता म्हणाले, "हेडबाई, समुद्र ओलांडून आल्यावर प्रायश्चित्त घेणार की तसंच?"

मी म्हटले, "तुम्ही मनमाडच्या स्टेशनावर कोणाच्या हातचा चहा पिता, त्याचं घेतलंत का?"

हसले. मग आवाज उतरवून, "कोलंबो म्हणजे आपली नीला..."

"टपालाचं पाकीट आहे का तुमच्याकडे?" मी विचारले. ते समजले आणि पाकीट देऊन गेले.

ही वही दुसऱ्या कोणी वाचायची नाही, तेव्हा एकदा लिहून टाकते. नीला माझ्या भावाची, शरदचंद्राची मुलगी. आई लहानपणीच गेली, शरदचंद्र कोर्टाच्या कामात. मुलगी मी वाढवली. हैदराबादेस कॉलेजात घातली. तिथे तिने गणिताच्या एका मद्रासी मास्तरांशी रजिस्टर लग्न केले आणि केल्यावर मला कळवले. त्याला सहा वर्षे झाली, आणि तेव्हापासून दोघे कोलंबोत आहेत. त्या वर्षी जालन्यातल्या नऊ जणांनी आपल्या मुली शाळेतून काढल्या. "हेडबाईंच्या घरातच बघा," असे म्हणून काढल्या. त्यातल्या दोघी फार हुशार होत्या. दोघींची लग्ने तेराव्या वर्षी झाली.

नीलाची पत्रे येतात. मी उत्तर दिलेले नाही. शरदचंद्र गेला तेव्हा तार केली होती, तीही भुजंगरावांच्या नावाने.

२३ दै

कंपनीच्या कागदावरचे सगळे टप्पे आपल्या तारखांनी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले. मुंबई ९, मुरगाव १०, कोची १२, कोलंबो १४. मग नीलाला पत्र लिहिले. नक्कल:

"चि. नीलास आशीर्वाद. प्रकृतीकरिता बोटीच्या सफरीस निघत आहे. १४ तारखेस सकाळी बोट कोलंबोस पोचेल व दुसऱ्या दिवशी दुपारी निघेल. सोबत बोटीचे नाव दिले आहे. भेटण्याची इच्छा असल्यास बंदरावर यावे. आग्रह नाही."

साळूबाईला वाचून दाखवले, कारण तिने सकाळपासून पिच्छा सोडला नव्हता.

"येवढंच?"

"आणखी काय हवं?"

"बाई, तहसीलची नोटीस बी ह्याच्यापरीस गोड असती."

मी पाकीट चिकटवले. पाच वाक्यांत जे सांगता येते ते सहा वाक्यांत सांगू नये, हे मी मुलींना शिकवले आहे.

७ बहमन. मनमाड स्टेशन.

दुपारी जालन्याहून निघालो. येथे गाडी बदलायची. साळूबाईजवळ माझ्या नकळत एक जादा डबा निघाला. आमटीसाठी भाजून दळलेले येसर, कारळ्याची चटणी, बाजरीच्या वाळवलेल्या खारोड्या. म्हणे बोटीवरचे खाणे कसे असेल कोण जाणे. दोन बायकांना दोन आठवड्यांत इतके येसर लागत नाही हे मी तिला सांगितले. ती गाडीची शिट्टी ऐकत असल्यासारखे करून बसली.

९ बहमन. 'सागरिका' बोटीवर.

संध्याकाळी पाचला बोट सुटली. टिपणे:

मोठी ट्रंक बोटीच्या तळाशी जाते आणि लवकर हाती लागत नाही. रात्रीचे लुगडे, टॉवेल, औषध, कंगवा हातातल्या पिशवीत वेगळे ठेवावे. मी ठेवले होते. शेजारच्या केबिनमधल्या पुष्पाबाईंनी ठेवले नव्हते. या दादरच्या, यजमान निवृत्त इंजिनिअर, त्यांची ही तिसरी सफर आणि त्या सर्वांना सल्ले देतात. रात्रीच्या जेवणाला माझे लुगडे नेसून आल्या.

केबिन शक्य तर बोटीच्या मध्यावरची मागावी. टोकाला हेलकावा जास्त, आणि मागच्या बाजूला यंत्राची धडधड. दोघींसाठी एकावर एक पलंग असतात. वयस्क बाईने खालचा घ्यावा आणि त्याबद्दल संकोच करू नये.

साळूबाईने दार उघडून आत पाहिले. "ही खोली हाये का कपाट?"

"केबिन म्हणतात."

"बरं. कपाटात निजायचं मंग."

शाकाहारी स्वयंपाक वेगळा आहे असे कंपनी सांगते. स्वयंपाकघरात स्वतः जाऊन पाहिले. आहे. आचारी चिडला, पण विचारल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

११ बहमन

काल लिहिले नाही. बोट मुरगावला थांबली होती म्हणतात. मी पाहिले नाही.

साळूबाईला बोट लागली. मला थोडे अजीर्ण झाले. ती पुष्पाबाईंना सांगत होती, "मला बोट लागली, बाईला अजीर्ण झालं. बादली मातर एकच." पुष्पाबाई हसून कठड्याला टेकल्या. त्यांनी लिंबू हुंगायला दिले. लिंबाने काही होत नाही. ज्या बाईला आधीच बरे वाटते आहे तिला लिंबाने आणखी बरे वाटते, इतकेच.

खरा उपाय असा. केबिनमध्ये पडून राहू नये, कितीही वाटले तरी. वर मोकळ्यावर यावे, आणि जवळच्या लाटांकडे न बघता दूर जिथे आभाळ टेकते तिथे नजर ठेवावी. पोट रिकामे ठेवू नये, कोरडे खावे. फुटाणे उत्तम. सुंठेचा तुकडा गालात धरावा. चहा टाळावा. साळूबाईच्या खारोड्याही चालल्या, हे मान्य केले पाहिजे.

समुद्राबद्दल लोक फार लिहितात. पहिला तासभर पाहण्यासारखा आहे. नंतर तो आपल्याला काही करू देत नाही, आणि ज्या माणसाला काम करण्याची सवय आहे त्याला मग विचार करावा लागतो. बायकांनी सोबत विणकाम किंवा जाडसर पुस्तक न्यावे.

१२ बहमन. कोची.

बोट दिवसभर थांबली. लोक धावत उतरले आणि धावत परत आले, वेताच्या टोपल्या घेऊन. बंदरावर उतरायचे तर एकच गोष्ट ठरवून उतरावे. मी आणि साळूबाई तासभर पायी हिंडलो, नारळाचे पाणी प्यालो, परत आलो.

बोटीवर चढण्या-उतरण्याची शिडी आज नीट पाहून घेतली. कोलंबोस म्हणे बोट धक्क्याला टेकत नाही, बंदराच्या आत नांगर टाकते. होडीतून येऊन या शिडीनेच वर चढावे लागते. नीलाला उंचीची भीती. राजूरच्या गणपतीच्या पायऱ्यासुद्धा ती माझा पदर धरून उतरायची. शिडीला दोन्ही बाजूंनी दोरीचा कठडा आहे आणि मध्ये एक खलाशी उभा असतो. मी त्याला विचारले, कोणी घाबरले तर काय करता? म्हणाला, हात देतो. मग ठीक.

टीप: पांढरी लुगडी खाऱ्या वाऱ्याने चिकट होतात. एखादे इस्त्रीचे, बंदराच्या दिवसासाठी, कागदात गुंडाळून ठेवावे.

१३ बहमन

दिवसभर पाणी. चष्मा तीनदा पुसला.

साळूबाईने विचारले, "नीलाताई आली तं तुमी पयलं काय बोलनार?"

"प्रवास कसा झाला म्हणून विचारीन."

"परवास तं आपून करून राह्यलो. ती तं तिथंच हाये."

हे खरे होते.

१४ बहमन. कोलंबो.

सकाळी सहाला नांगर पडला. सातपासून मी डाव्या कठड्याजवळ खुर्ची घेऊन बसले. होड्या तिकडूनच येतात.

आठला पुष्पाबाई नटून आल्या. "तुम्ही नाही उतरत? दालचिनीच्या बागा दाखवणार आहेत."

"नाही. मला काम आहे."

"बोटीवर काय काम, बाई?"

मी खुर्ची कठड्याकडे आणखी सरकवली. त्या गेल्या.

नऊपर्यंत अकरा होड्या आल्या. भाजीच्या, टपालाच्या, माणिक-नीलमचे खोटे खडे विकणाऱ्यांच्या. दहाला साळूबाईला प्रवाशांच्या होडीने धक्क्यावर पाठवले. तिला पाण्याची धास्ती असूनही तिने एका शब्दाने कुरकुर केली नाही. साडेअकराला परत आली. "तिथं न्हाई कोनी."

दुपारी जेवण वर मागवले. तीनला साळूबाई पुन्हा गेली. परत आली. काही विचारावे लागले नाही.

माझे मत असे झाले की मुलीला इच्छा नाही. तिने यावेच असे मी लिहिले नव्हते. आग्रह नाही असे स्पष्ट लिहिले होते. त्यामुळे तक्रारीला जागा नाही. मी खुर्ची उचलून ठेवायला सांगितली.

साळूबाई जिन्यापाशी उभी होती. "बाई, कागदात आजचंच लिवलं व्हतं ना?"

"चौदा. तुझ्यासमोर वाचलं."

"मंग आज चौदा हाये व्हय?"

"म्हणजे काय?"

"खाली त्यो टोपीवाला पाटीवर खडूनं लिवून राह्यला. म्या इचारलं, काय लिवता? त्यो म्हनला, आज अठरा, उद्या एकोनीस, चार वाजता बोट जानार. सकाळधरनं सगळे अठराच म्हनून राह्यले. चौदा तुमी एकट्याच म्हनता."

मी खाली जाऊन पाटी पाहिली. १८ डिसेंबर.

बहमनची चौदा म्हणजे डिसेंबरची अठरा. हे मला ठाऊक नाही असे नाही. अठ्ठावीस वर्षे रोज दोन्ही तारखा शेजारी शेजारी लिहिल्या आहेत. पण पत्र लिहिताना समोर वहीचे मागचे पान होते. त्यावर चौदा होते. मी चौदा लिहिले, महिना लिहिला नाही. निजामच्या राज्याबाहेर ही तारीख कोणी ओळखत नाही. नीला सहा वर्षे इंग्रजी राज्यात राहते. ती डिसेंबरच्या चौदाला येऊन गेली असणार. दिवसभर थांबली असेल. बोटीचे नाव विचारत हिंडली असेल, आणि अशी बोट आलेलीच नाही असे तिला सांगितले असेल.

"चौदाला आपुन कुठं व्हतो?" साळूबाईने विचारले.

"मुरगावला. बादलीपाशी."

सहा वर्षांत मी तिला एक तारीख दिली आणि ती चुकीची दिली.

उद्या सकाळच्या पहिल्या होडीने मी जाणार. चूक माझी आहे, दुरुस्त मीच केली पाहिजे. यात मानापमान नाही. फळ्यावर माझ्या हातून चुकले तर मी मुलीला पुसायला सांगत नसे, स्वतः पुसत असे.

१९ डिसेंबर १९३६. बोटीवर, संध्याकाळ.

आजपासून तारीख इंग्रजी.

क्रमाने लिहिते.

पत्ता शोधावा लागला नाही. सहा वर्षे पाकिटाच्या मागे वाचते आहे. भाड्याची मोटार केली. समुद्राच्या कडेने रस्ता, मग एक गल्ली, कौलारू लहान घर, दारात केळी. साळूबाई डबा मांडीवर धरून बसली होती. तो तिने बोटीवर ठेवला नव्हता.

दार पाच वर्षांच्या एका मुलीने उघडले. सावळी, दोन वेण्या. माझ्याकडे पाहून तिने आत वळून सांगितले, "आई, पोस्टमन न्हाई. दुसरं कोनी हाये."

हा साळूबाईचा मराठी उच्चार. नीला लहानपणी स्वयंपाकघरातून हेच बोलत यायची आणि मी तिला दहा वेळा 'नाही' लिहायला लावायची. समुद्रापलीकडे, मद्रासी घरात, ते 'न्हाई' तसेच उभे होते.

मी म्हटले, "न्हाई नव्हे. नाही."

"बाई," साळूबाई मागून म्हणाली, "आल्या आल्या?"

मग नीला आली. जाड झाली आहे. तिने साळूबाईला मिठी मारली आणि दोघी रडल्या. मला वाकून नमस्कार केला. म्हणाली, "आत्या, बसा."

मी बसले नाही. उभ्यानेच तारखेचा सगळा प्रकार सांगितला. वहीचे मागचे पान, बहमन, डिसेंबर, चार दिवसांचा फरक. चौदाला तिला हेलपाटा पडला याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. हा शब्द मी आजवर फक्त वरिष्ठांना लिहिलेल्या पत्रांत वापरला आहे. तिने ते वर्गात ऐकत असे तसे ऐकून घेतले.

"हेलपाटा नाही पडला," ती म्हणाली. "मला कळलं होतं."

"काय कळलं होतं?"

"चौदा म्हणजे बहमनची. कोर्टाच्या कागदांवरच्या तारखा वाचत मोठी झाले मी, आत्या. महिना घातला नाही म्हणजे तुमची सरकारी तारीख. पत्र आलं त्याच मिनिटाला मी बोटांवर मोजलं. अठरा."

"मग काल..."

"काल सकाळी तुमची बोट येताना पाहिली. आमच्या मागच्या दारातून दिसते."

"तू आली नाहीस."

"नाही."

मी तिच्या हातांकडे पाहिले. ती पदराशी चाळा करत नव्हती. लहानपणी खोटे बोलताना करायची.

"आग्रह नाही असं लिहिलं होतं तुम्ही," ती म्हणाली. "सहा वर्षं दर पत्रात मीच आले तुमच्या दारात. ह्या खेपेला म्हटलं, घरापासून आठ मैलांवर त्या आल्यात. तेवढं त्यांनी यावं. न्हाई आल्या तर न्हाई."

या वेळी मी उच्चार सुधारला नाही.

जे खरे आहे ते लिहिते. हे मला काल कळले असते, की तिला तारीख ठाऊक होती आणि ती मुद्दाम आली नाही, तर मी बोटीतून उतरले नसते. परत जाताना कठड्याजवळ बसून, आपण कसे बरोबर होतो, हे या वहीत लिहिले असते. मी आले ते फक्त चूक माझी आहे असे वाटले म्हणून. आणि ज्या चुकीसाठी आले ती चूक झालीच नव्हती. झाली होती ती दुसरीच.

मग बसले.

तिचे यजमान आतून कॉफी घेऊन आले. इंग्रजीत दोन शब्द बोलले, माझ्या छातीची चौकशी केली, आणि मुलीला घेऊन बाहेर गेले, आम्हाला बोलता यावे म्हणून. माणूस बरा आहे. हे पाहायला सहा वर्षे लागायला नको होती.

साळूबाईने तोवर स्वयंपाकघराचा ताबा घेतला होता. तिथून आवाज, "नीलाताई, तुज्या घरात तवा कुठाय? ह्ये वाटीसारखं काय हाये?" आणि नीलाचे हसणे. येसराची आमटी आणि भात जेवलो. मुलीने तीनदा आमटी मागितली. नीला शाळेत शिकवते. गणित. मला माहीत होते, पत्रात होते. पण तिच्या तोंडून ऐकताना मी पहिल्यांदाच विचारले, किती मुली आहेत वर्गात? एकोणीस, म्हणाली. आणि त्या दोघींची चौकशी केली, शाळेतून काढलेल्यांची, नावे घेऊन. ते तिला कोणी कळवले होते मला ठाऊक नाही. मी सांगितले. तिने हातातली वाटी खाली ठेवली.

"त्याचा राग माझ्यावर होता?"

"होता."

"बरोबर होता?"

"त्यांच्या आईबापांवर असायला हवा होता. ते लांब होते. तू जवळची होतीस."

अडीचला निघालो. ती धक्क्यापर्यंत आली. मी तिला पुन्हा ये म्हटले नाही, तिने मला म्हटले नाही. होडी सुटायच्या आधी म्हणाली, "आत्या, पत्रांची उत्तरं द्या."

"देईन. आता येईल त्या पत्राला..."

"तसं नाही. पहिल्यापासून. एकेक."

"सगळ्यांची?"

"गाळलेला प्रश्न तुम्ही कधी सोडून दिलात का आम्हाला?"

"नाही."

"मंग?"

होडीत साळूबाईने डोळे मिटून माझा दंड धरला होता. मी मागे पाहिले तेव्हा नीला तिथेच उभी होती. मी पाहते आहे हे पाहून ती वळली आणि गेली. चारला बोट सुटली.

२१ डिसेंबर

परतीला बोट कमी लागते. शरीर शिकते. ज्या बायकांना जाताना फार त्रास होतो त्यांनी तेवढ्यावरून मत बनवू नये.

पुष्पाबाईंनी दालचिनीच्या बागेतून सहा पुड्या आणल्या आहेत. दोन मला दिल्या. मी त्यांना लुगडे ठेवून घ्या म्हटले. त्यांनी विचारले, "कोलंबोत काय पाहिलंत शेवटी?"

साळूबाई म्हणाली, "येक घर पाह्यलं."

"बस? एवढ्या लांब येऊन?"

"त्येच लांब व्हतं," साळूबाई म्हणाली आणि झोपायला गेली.

महिला मंडळासाठी आणखी एक टीप. बंदरावर कोणी आपले असेल तर त्यांना बोटीवर बोलावू नये. आपण उतरावे. बोट परत सुटायची वेळ नक्की विचारून घ्यावी आणि तासभर आधी निघावे.

आज सकाळपासून डेकवर कागद घेऊन बसले आहे. नीलाची सगळी पत्रे घरी आहेत, पण पहिले मला पाठ आहे. लग्नानंतर आठव्या दिवशी लिहिलेले. खुशाली नाही, क्षमा नाही. एकच प्रश्न. 'वर्गात तुम्ही आम्हाला सांगत होता की मुलीने आपल्या बुद्धीने ठरवावे. ते फक्त दुसऱ्यांच्या मुलींसाठी होते का?'

उद्धट प्रश्न म्हणून मी ते पत्र तेव्हा मिटून ठेवले. उद्धट नव्हता. कठीण होता.

तीन कागद फाडले. एकात शाळेची अडचण लिहिली, एकात शरदचंद्राची प्रकृती, एकात त्या नऊ मुली. सगळे खरे होते आणि एकही उत्तर नव्हते. मुलीने असे लिहिले असते तर मी बाजूला लाल शाईने लिहिले असते: प्रश्न पुन्हा वाच.

चौथा कागद घेतला. त्यावर लिहिले:

'चि. नीला, होय. त्या वेळी ते दुसऱ्यांच्याच मुलींसाठी होते.'

वाचून पाहिले. खाडाखोड केली नाही. पाकिटात घातले आणि दुसऱ्या पत्रात तिने काय विचारले होते ते आठवू लागले.